समुद्राचे साडेबारा टक्के

मारुतीरायाविषयी मला लहानपणापासून आदर आहे; पण तो आपल्याच धंद्यातला माणूस आहे असे वाटू लागले ते मी द्रोणागिरीला राहायला आल्यापासून. लक्ष्मण मूर्च्छित पडलेला, संजीवनी आणायला मारुतीला पिटाळलेले, आणि तिथे गेल्यावर नेमकी मुळी कोणती ते काही ओळखू येईना. तेव्हा त्याने काय केले? अख्खा पर्वतच उचलून आणला! आमच्या बँकेत ही पद्धत अजून चालू आहे. साहेबांनी एखादे जुने व्हाउचर मागितले आणि ते सापडले नाही, की शिपाई सबंध गठ्ठा आणून टेबलावर आदळतो आणि म्हणतो, “यातच आहे, साहेब.” पुढची जबाबदारी सुषेण वैद्याची.

तर त्या उड्डाणात पर्वताचा एक तुकडा गळून उरणजवळ पडला आणि तोच हा द्रोणागिरी डोंगर, असे इकडचे लोक सांगतात. ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती तात्पुरती ठेवायला आमच्याकडे एक खाते असते, त्याला ‘उचंत खाते’ म्हणतात. हा डोंगर म्हणजे असाच उचंत तुकडा. हिमालयातून निघाला, लंकेत जमा झाला नाही, मधल्या मध्ये उरणला पडून आहे. आणि त्याच्या नावाने सिडकोने जे नगर वसवले, त्यात चौथ्या मजल्यावर, वीस वर्षांच्या कर्जाखाली मी राहतो.

मी बी. कॉम. आहे. कॉमर्सच्या माणसाला आत्मा नसतो, फक्त खाते असते, असे आमचे मेहुणे म्हणतात. ते कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावरून मला विश्वाची रचना समजावून देतात. एकदा चकली मोडता मोडता ते म्हणाले, “भाऊजी, सृष्टीत नवं काही निर्माण होत नाही आणि असलेलं काही नाहीसं होत नाही. रूप तेवढं बदलतं, बेरीज तीच राहते.”

मी म्हटले, “यात विशेष काय सांगितलंत? आम्ही याला दुहेरी नोंद म्हणतो. एकाच्या खात्यावर जमा झालं, की दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडलंच पाहिजे. नाही पडलं तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसून शोधतो.”

मेहुण्यांनी उरलेली चकली मुकाट्याने खाल्ली.

त्या रात्री मी चिरंजीवांची पुस्तके चाळली आणि माझी छाती आणखी दोन इंच फुगली. रसायनशास्त्रात वस्तुमानाचा ताळेबंद काटेकोरपणे मांडणारा फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए पोटासाठी काय करीत होता? करवसुली! प्रयोगाआधी तोलायचे, प्रयोगानंतर तोलायचे, आणि दोन्हीकडचा मेळ बसला नाही तर झोपायचे नाही, ही सवय हिशेबनिसाचीच, असे माझे ठाम मत आहे. १७९४ साली राज्यक्रांतीत त्याचा शिरच्छेद झाला, तो शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, करवसुली करणारा म्हणून. आमच्या वसुली खात्यातल्या सहकाऱ्यांना मी ही हकीकत मुद्दामच सांगत नाही. न्यूटनचेही तेच. समुद्राच्या भरती-ओहोटीमागे चंद्र-सूर्याची ओढ आहे, हे त्याने १६८७ साली मांडले आणि १६९६ साली टाकसाळीत नोकरी धरली. म्हणजे विज्ञानातले दोन थोर पुरुष आमच्याच लायनीतले!

पण दुहेरी नोंद वहीत कळणे वेगळे आणि अंगाशी येऊन कळणे वेगळे. मला ती अंगाशी आली सोसायटीच्या सभेत.

त्याआधी आमच्या जमिनीविषयी सांगायला हवे. ‘जमीन’ हा शब्द मी सवयीने वापरतो. आज जिथे आमच्या इमारती उभ्या आहेत, तिकडे पूर्वी भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीचे पाणी होते. भराव घालून जमीन तयार केली, तरी पुष्कळ भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खालीच राहिला. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. भरती असेपर्यंत पावसाच्या पाण्याने तलावात थांबायचे, ओहोटी लागली की झडपेतून खाडीत जायचे. थोडक्यात, आमच्या गटारांचे पाणीसुद्धा चंद्राची परवानगी घेऊन बाहेर पडते.

आणि ही जमीन कोणाची? नव्या मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. योग्य भावासाठी शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याकडच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे, ज्याची जमीन गेली त्याला तिच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत द्यायचा, अशी योजना आली. आमची इमारत अशाच एका भूखंडावर आहे. फ्लॅटच्या जाहिरातीत ‘साडेबारा टक्के’ वाचून मी आधी तो व्याजाचा दर समजलो होतो आणि “फार होतो” म्हणून कुरकुरलो होतो. खरा अर्थ कळल्यावर ‘फार’ हा शब्द मी मागे घेतला.

असो. सोसायटीचा मी खजिनदार आहे. बँकेत नोकरी करणे हा सहकारी गृहनिर्माण संस्थेत गुन्हा समजला जातो आणि त्याची शिक्षा म्हणून हे पद मिळते. आमच्या कुंपणामागे पाच-सहा गुंठे चिखल आहे, त्यात तिवरे वाढली आहेत, आणि एका मोरीतून तिथे भरतीचे पाणी येते-जाते. सभेत विषय निघाला डासांचा. डासांवरून चर्चा पार्किंगवर गेली. मग सेक्रेटरींनी जाहीर केले, की एक कंत्राटदार त्या खड्ड्यात डेब्रिज फुकट टाकून द्यायला तयार आहे. आपण फक्त जेसीबीचे भाडे द्यायचे, अठरा हजार रुपये. डासही जातील आणि चौदा गाड्यांची सोयही होईल. टाळ्या पडल्या. आमच्या सौ.ने दोन्ही हातांनी वाजवल्या. त्यातली एक टाळी डासासाठी होती, असे तिने नंतर सांगितले.

सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “खर्च ‘किरकोळ दुरुस्ती’त दाखवा. तेवढी चेकवर सही करून ठेवा.”

मी मान हलवली. माझी मान कोणत्या दिशेने हलली हे समोरच्याला सहसा कळत नाही. एकवीस वर्षे काउंटरवर बसून ही कला साधली आहे.

रात्री जेवण झाल्यावर मी खाली उतरलो. गेटवर नाना होते. नाना म्हणजे आमचे रात्रीचे वॉचमन. इथल्याच गावचे, आगरी. वडील मिठागरात होते, नानांचेही बालपण मीठ ओढण्यात गेले. मी सहज विचारले, “नाना, मागचा खड्डा भरला तर?”

“भरा की. पन पानी कुठं जाल?” नाना म्हणाले. “आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीन वाजता येल बगा.”

वाचकहो, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी शाळेतून कधीच हद्दपार झाल्या. मला त्या आजोबांच्या धाकाने थोड्याफार येतात. आणि इथे एक माणूस पाऊणकीने समुद्र मोजत होता. तिथीला पाऊणने गुणायचे, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. दिवसाही सहा, रात्रीही सहाच्या सुमाराला. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरती रोज पाऊण तासाहून किंचित जास्त उशिरा येते. हे न्यूटनने लॅटिनमध्ये लिहिले, नानांनी पाऊणकीत बसवले. पाच-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, पण तेवढा आमच्या लोकललाही पडतो.

नाना मला कुंपणाच्या फटीतून पलीकडे घेऊन गेले. बॅटरीच्या उजेडात चिखलातून हजारो काड्या वर आलेल्या दिसल्या. ती तिवराची मुळे. चिखलात हवा नाही, म्हणून श्वास घ्यायला वर येतात. एक निवटी टुणकन उडाली. नानांनी एक पान तोडून माझ्या हातात दिले. “चाटून बगा.”

बी. कॉम. झालेल्या माणसाने रात्री साडेदहाला चिखलात उभे राहून झाडाचे पान चाटावे, हे शोभत नाही. मी चाटले. पान खारट होते. तिवर खारे पाणी घेते, आणि जास्तीचे मीठ पानावाटे बाहेर टाकते. म्हणजे लागेल तेवढे वापरले, उरलेले परत केले. घेतलेल्या ॲडव्हान्समधली उरलेली रक्कम न मागता परत करणारा माणूस मी एकवीस वर्षांत पाहिला नाही. झाड पाहिले.

“गेल्या आषाढान तुमच्या पार्किंगमदी घोट्याएवढं पानी व्हतं ना?” नाना म्हणाले. “हा खड्डा व्हता म्हून घोट्याएवढं. त्याची जागा घेतलीव तं ते तुमच्या जिन्यान येल.”

झोप आली नाही. कारण पाणी नव्हे. कारण एक अडचणीचा प्रश्न. तो असा, की मी स्वतःच भरावावर राहतो. समुद्राची जागा माझ्या पलंगाखाली आहे. एकदा आपण आत शिरलो आणि मग मागच्याला म्हणायचे, ‘आता पुरे, जागा नाही’? हे लोकलच्या डब्यात आपण रोज करतो, आणि ते काही फार उच्च तत्त्वज्ञान आहे असे मला कधी वाटले नाही. मग पाच-सहा गुंठ्यांसाठी अडून बसायचा मला अधिकार काय? सेक्रेटरी हेच विचारणार, आणि बरोबर विचारणार.

पहाटे तीनला मी खिडकीशी गेलो. मोरीतून पाणी गुपचूप आत येत होते, हिशेब तपासायला येणाऱ्या ऑडिटरसारखे, कोणाला नमस्कार न करता. तेव्हा मला सुचले, की प्रश्नच मी उलटा मांडला होता. ज्याच्या डोक्यावर एक कर्ज आहे त्याला दुसरे कर्ज काढायचा हक्क मिळत नाही. उलट, ‘आता पुरे’ म्हणण्याची जबाबदारी पहिल्यांदा त्याचीच. आपले हात स्वच्छ नाहीत म्हणून गप्प बसायचे, हा विनय नव्हे, ही सोय आहे. शेतकऱ्याला निदान साडेबारा टक्के मिळाले, तेही रक्त सांडल्यावर. समुद्राला कोणी काही दिले? मागचा तो खड्डा हे त्याचे साडेबारा टक्के समजा. तेवढेही ‘किरकोळ दुरुस्ती’त घालायचे, म्हणजे रक्कम नाहीशी होत नाही, उचंत खात्यावर जाते, आणि पुढच्या आषाढात तळमजल्यावर राहणाऱ्याच्या नावे पडते. तळमजल्यावर राहतो तो मी नव्हे, हीच तर त्यातली खरी गोम.

आता यानंतर मी सभेत उभा राहून बाणेदार भाषण केले असेल, अशी कोणाची समजूत झाली असेल तर मी तिचा ऋणी आहे. माझ्या पायात तेवढे बळ नाही. सेक्रेटरी मला रोज स्टेशनपर्यंत स्कूटरवर सोडतात. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत गाडी सुरू झाली तरी आमच्या घरापासून द्रोणागिरी स्टेशन काही जवळ आलेले नाही.

म्हणून मी माझ्या जातीला साजेसे केले. एक पत्र लिहिले. ‘सदर चेक तयार आहे. तथापि पुढील कागदपत्रांची पूर्तता व्हावी.’ खाली यादी: तीन कोटेशने, जागेच्या मालकीचा उतारा, पर्यावरण खात्याचा ना-हरकत दाखला. आणि शेवटी, जाता जाता, एक ओळ: ‘मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनात राडारोडा टाकण्यास मनाई केली असून, आपले काम त्यात बसत नाही अशी कमिटीच्या प्रत्येक सदस्याची स्वतंत्र लेखी हमी जोडावी.’

‘स्वतंत्र’ आणि ‘लेखी’ हे दोन शब्द मराठी भाषेत फार प्रभावी आहेत. पत्र देऊन चार महिने झाले. हमी एकाचीही आलेली नाही. प्रकरण पेंडिंग आहे. सेक्रेटरी अजून मला स्कूटरवर सोडतात, मात्र वाटेत बोलत नाहीत. सौ.ने मच्छरदाणी आणली, तिचा खर्च माझ्या नावे पडला.

मी लढलो नाही, हे मला ठाऊक आहे. उद्या दुसरा खजिनदार येईल आणि सही करील. पण तोपर्यंत भरती रोज दोनदा येते, निवट्या उड्या मारतात, आणि बँकेत ज्या दिरंगाईबद्दल लोकांनी मला आजवर शिव्या दिल्या, तिचा एकदा तरी कोणाला तरी उपयोग झाला.

मेहुण्यांना हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी घरी जुने पुस्तक काढून पडताळून पाहिली. वाल्मीकींच्या रामायणात, काम झाल्यावर मारुतीने तो पर्वत परत हिमालयात नेऊन ठेवला, असेही आहे. आपण हे मुलांना सांगत नाही. तळहातावर पर्वत घेऊन उडणारा मारुती प्रत्येक कॅलेंडरवर असतो. पर्वत जागच्या जागी ठेवून रिकाम्या हाताने परतणारा मारुती मी एकाही कॅलेंडरवर पाहिलेला नाही.

परवा अमावास्या. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पाऊसही लागून आहे. तळमजल्यावरच्या आजींचे ट्रंक मी आणि नानांनी काल माळ्यावर चढवले.