भिणारा गिदोन

(वाचन : शास्ते, अध्याय ६ व ७)

चिंताग्रस्त मनुष्यास भिऊ नको म्हणून सांगणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने त्याच्या उरातील धडधड थांबत नाही. देव आपल्या भित्र्या सेवकाचे भय कसे दूर करितो, हे गिदोनाच्या चरित्रात पाहावे.

मिद्यान्यांच्या धास्तीने तो द्राक्षकुंडात लपून गहू झोडीत होता. अशा मनुष्यास देवाने लागलीच रणांगणावर उभे केले नाही. प्रथम घरचेच काम नेमून दिले : बापाची बआलाची वेदी मोडावी. घरच्यांस व गावकऱ्यांस भिऊन गिदोनाने ते दिवसा केले नाही. दहा चाकर घेऊन रात्री केले. परंतु केले; आणि रात्री केले म्हणून देवाने त्यास दोष दिला नाही.

पुढे ३२,००० लोक जमले. भिणाऱ्यांनी परत जावे, असे सांगताच २२,००० निघून गेले. अखेर ३०० उरले. नवल हे की, सेनापतीच्या मनातही भय होतेच! देवाने ते ओळखिले, व चालून जावयाचे भय वाटत असल्यास पुरा नामक चाकरास संगती घेऊन आधी छावणीपर्यंत उतरावे, असे त्यास सांगितले. तेथे गिदोनाने काय ऐकिले? शत्रूसच त्याचा धाक पडला होता! दूर राहून हे त्यास कधीच कळले नसते.

आपल्या मंडळ्यांतही कोणी अबोला धरिलेल्या भावाच्या दारी जावयास भितो. कोणा विधवा भगिनीस कचेरीची पायरी चढवत नाही. कोणा तरुणास प्रार्थनासभेत तोंड उघडवत नाही. भयाचे ठिकाण टाळिल्याने क्षणभर बरे वाटते, पण भय मात्र वाढते. मनोविकारांचे वैद्यही आज पायरीपायरीनेच भयास सामोरे जावयास शिकवितात. म्हणून आज भावास वाटेत सलाम करावा, उद्या त्याच्या ओट्यावर बसावे. तरुणाने प्रथम घरच्या उपासनेत एका वाक्याची प्रार्थना करावी. भगिनीने कोणास तरी संगती घेऊन कचेरीत जावे.

आणि जे धीट आहेत त्यांनी भित्र्यास हसू नये. त्याच्यासाठी पुरा व्हावे. पुराने त्या रात्री काही पराक्रम केल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. तो अंधारात बरोबर गेला, इतकेच. आणि तेवढे पुरेसे झाले.

या आठवड्यात आपण कोणते पाऊल टाळीत आहो, आणि कोणाच्या संगती आपण जावयाचे आहे, हे प्रभू आपणांस दाखवो. आमेन.