डांगडुट ऐकताना

चि. मुक्तास,


तुझं योग्याकार्ताहून आलेलं पत्र वाचलं. बाजारात डांगडुट, हे इंडोनेशियाचं लोकप्रिय संगीत, लागलं होतं आणि ‘हे तर आपलंच हिंदी सिनेमाचं गाणं’ म्हणून तू पुढे निघालीस, हे मला रुचलं नाही. वर्षभर तिथे राहायचंय, तर हे ‘आपलंच’ आधी सोडून दे.

हिंदी सिनेमाचा प्रभाव खराच. एलिया खादामसारख्या गायिकांनी त्या सुरावटी मलायू गाण्यात मुरवल्या. पण पुढे १९७०च्या दशकात रोमा इरामा या गायकाने काय केलं बघ. त्या ठेक्याच्या जोडीला डीप पर्पलच्या वळणाची इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि शब्द घातले इस्लामी उपदेशाचे, गरिबी-श्रीमंतीचे. असं गाणं तेव्हा ना मुंबईत होतं, ना लंडनमध्ये. आपल्या नाट्यसंगीतातली पेटी युरोपातून आली म्हणून बालगंधर्वांचं गाणं कुणी परकं म्हणतं का?

बाहेरचं नकोच, हेही तिथे करून झालंय. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना रॉक संगीताचं वावडं होतं. १९६५ साली बीटल्सच्या धर्तीची गाणी वाजवली म्हणून कोएस बंधूंना तुरुंगात टाकलं. पुढे ‘कोएस प्लस’ नावाने त्यांनी इंडोनेशियन आणि जावानीज भाषांत गाणी केली. ती आजही लोकांच्या तोंडी आहेत.

वायांग, म्हणजे तिथला छायाबाहुल्यांचा खेळ, बघायला जाशील तेव्हा अर्जुन, भीम ओळखून हरखशीलच. तरी लक्ष सेमारकडे ठेव. ढेरपोट्या, राजपुत्रांची सेवा करणारा, आणि वेळ आली की त्यांनाच सुनावणारा. मुळात तो देव आहे, असं जावात मानतात. व्यासांच्या महाभारतात तो नाही, आणि मला तर त्या खेळाचा जीव त्याच्यातच वाटतो.

पश्चिम जावातल्या गारुतच्या तीन मुलींचा ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा बँडही ऐक. हिजाब घालून त्या हेवी मेटल वाजवतात, काही गाणी सुंदानीजमध्येही आहेत. कर्मठांच्या विरोधाला पुरून उरल्या आणि २०२४ साली इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या.

आता एक काम सांगते. सोलो शहराचा गायक दिदी केम्पोट २०२० साली गेला. प्रेमभंगाच्या त्याच्या जावानीज गाण्यांवर तिथली तरुण पोरं हजारोंनी जमून रडत-नाचत. ती ऐकायला नुसती इंडोनेशियन पुरणार नाही. घरमालकीणबाईंकडून रोज थोडी जावानीज शिकायला लाग.

तुझी,
मावशी