स्वतःला चांगलं म्हणण्याची अट

हे जग आपल्यासाठीच निर्माण झालं असं प्रत्येकानं म्हणावं, अशा आशयाचं एक वचन मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मग्रंथात आहे. अमेरिकेत स्वतःवर प्रेम करायला शिकवणारे ते हल्ली खुशाल वापरतात, पण त्याचा मूळ प्रसंग सांगत नाहीत. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना जी ताकीद दिली जाई, तिच्यातलं हे वचन आहे. एका माणसाचा जीव घेणं म्हणजे अवघं जग बुडवणं, तेव्हा बोलण्याआधी विचार करा, असं त्यांना बजावलं जाई. आपलं मोल कळलं की जीभ जड व्हावी, हा त्यामागचा हेतू.

ज्यू परंपरेत या विचाराचा पुढचा प्रवास थोडक्यात असा. मिश्नाच म्हणते, स्वतःला दुष्ट समजू नये. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद म्हणतो, जगानं सज्जन ठरवलं तरी स्वतःला दुष्टच समजावं. हसिदी या ज्यू भक्तिपंथातले गुरू श्नेउर झाल्मान यांचा १७९६चा ‘तान्या’ हा ग्रंथ याच पेचापासून सुरू होतो. त्याच पंथातल्या ब्रेस्लवच्या नाखमान यांनी स्वतःतला चांगुलपणाचा एखादा तरी कण शोधायला शिकवलं.

घोळ होतो तो स्लाबोडकापाशी. लिथुआनियातल्या कोव्हनोच्या या उपनगरातल्या येशिवात, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेत, नोसन त्स्वी फिंकल (१८४९–१९२७) यांनी माणसाच्या थोरवीवर सगळी शिकवण उभारली. विद्यार्थ्यांचा पोशाखही नीटनेटका आणि रुबाबदार असावा, असा त्यांचा आग्रह होता. नीतिशिक्षणावर भर देणाऱ्या ज्या मुसार चळवळीतली ही येशिवा, तिच्यातल्याच नोव्हार्डोक येशिवाची रीत उलटी. तिथले विद्यार्थी औषधाच्या दुकानात जाऊन मुद्दाम खिळे मागत. लोक हसले की अहंकार झिजतो, ही समजूत. या विरोधामुळे स्लाबोडका म्हणजे अमेरिकी ‘सेल्फ-एस्टीम’चं आजोळ असं मानण्याचा मोह होतो. मला ते साफ चुकीचं वाटतं. ईश्वराच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाची बारीकशी चूकही गंभीर ठरते, असं फिंकल शिकवत. थोरवी सांगून ते अपेक्षेचं माप वाढवत होते. नोव्हार्डोक माणसाचं हसं करून त्याला वाकवत होतं, स्लाबोडका मान देऊन.

फिंकल यांच्या शिष्यांनी ही शिकवण अमेरिकेत नेली. रुडरमन यांनी १९३३ साली बाल्टिमोरमध्ये येशिवा काढली, आरोन कोटलर यांनी १९४३ साली न्यू जर्सीतल्या लेकवूडमध्ये. हसिदी घराण्यातले मनोविकारतज्ज्ञ अब्राहम ट्वेर्स्की वेगळ्या वाटेनं जवळपास तिथेच पोहोचले. १९७२ साली त्यांनी पिट्सबर्ग परिसरात व्यसनमुक्तीचं गेटवे केंद्र स्थापन केलं. अनेक व्यसनाधीनांच्या मनात स्वतःविषयी खोटी, हीन प्रतिमा असते आणि गर्व हा बऱ्याचदा तिच्यावरचा मुखवटा असतो, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. ती प्रतिमा दुरुस्त झाल्यावर खरं काम सुरू होई: दारू सोडायची, विस्कटलेलं घर सावरायचं.

कॅलिफोर्नियानं १९८६ साली आत्मसन्मानासाठी सरकारी समिती नेमली ती मात्र निराळ्या भरवशावर. लोकांना स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की गुन्हे आणि व्यसनं आपोआप घटतील, अशी आशा होती. आजच्या गुळगुळीत उपदेशाचं मूळ या आशेत आहे, स्लाबोडकात नाही.

स्वतःला चांगलं म्हणणाऱ्याकडे ज्यू परंपरा लगेच हिशेब मागते. ज्यांना तो द्यायचा नाही, त्यांनी आधाराला दुसरी परंपरा शोधावी.