बावखल कोणाचं?

वसईत बावखल म्हणजे काय, हे पूर्वी कुणाला सांगावं लागत नसे. वाडीच्या कडेला खोदलेलं तळं ते. पावसाळ्यात काठोकाठ भरायचं, पाणी सावकाश जमिनीत मुरायचं आणि वैशाखातही आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. त्याच्या पाण्यावर केळी आणि पानवेली पोसल्या, पोरं पोहायला शिकली. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीत खारं पाणी शिरत नसे, त्यात या बावखलांचा मोठा हात.

सात-बारावर बावखल एका घराचं असतं. माझा आजा म्हणायचा, "बावखल आपलं, पण त्याचं पाणी काय विचारून जातं का, कुणाच्या विहिरीत जाऊ ते?" मग ते बुजवायचा हक्क एकट्या मालकाला आहे का?

हा प्रश्न वसईत मोठ्या आवाजात विचारला गेला तो ऐंशीचं दशक संपता संपता. शहर वाढत होतं, गावातल्या विहिरींचं पाणी टँकरने बाहेर चाललं होतं. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. लोक रस्त्यावर उतरले. "फादरांनी मिस्सा करावी, टँकरशी त्यांचं काय काम?" असं तेव्हा विचारणारेही होते. पण बायबलच्या पहिल्याच पुस्तकात देव माणसाला एका बागेत ठेवतो, ती कसायला आणि राखायला. बाग म्हणजे आमच्या भाषेत वाडीच की! कसणं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केलं. राखणंही त्याच कामात आलं.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं आणि १ सप्टेंबर हा सृष्टीच्या काळजीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. हा प्रार्थनाकाळ ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणाला संपतो. आमचा आगेराही त्याच सुमारास येतो. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे ठेवायच्या, देवाचे आभार मानायचे. आभार मानणारा माणूस चारचौघांत कबूल करतो, की हे सगळं माझ्या एकट्याच्या हाताचं नाही. लोंब्यांसाठी आभार मानायचे आणि सोमवारी बावखलात डेब्रिजचा ट्रक उलटा करायचा, हे कसं जमावं?

पण बुजवणाऱ्यालाही बोलू दिलं पाहिजे. तो म्हणतो, "भाजीला भाव नाही. पोराला घर बांधायचंय. पाणी सगळ्यांचं, मग गाळ माझ्या एकट्याचा कसा?" त्याचं चूक नाही. राखणीचा भार एकट्यावर टाकून बाकीच्यांनी नुसता उपदेश करायचा, हाही अन्यायच. २०१८ च्या जुलैत वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होतं, रेल्वेही थांबली. पावसाने जागा मागितली आणि आपण ती भरून टाकली होती. त्या पाण्याने बावखल कुणी बुजवलं आणि कुणी राखलं, हे बघितलं नाही. दोघांच्याही घरात ते शिरलं.

म्हणून मला वाटतं, प्रार्थनेनंतरचं पहिलं काम वाटणीचं आहे. पाणी वाटून घेतो तसा गाळही वाटून घ्यायचा. रविवारी मिस्सा सुटल्यावर फावडी-घमेली घेऊन दहा घरांतली माणसं एका घराच्या बावखलात उतरली, तर मालकाला ते ओझं वाटणार नाही. जातधर्म विचारायचं कारणच नाही, झरे कुठे विचारतात?

आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही असते, मृत्यूची असते. प्रत्येक धर्मग्रामाने तशीच एक बावखलांची वही घालावी. कुठलं बावखल कुणाचं, किती गाळलंय, किती विहिरी त्यावर जगतात आणि गाळ काढायला कोण येणार, हे त्यात लिहावं. आगेऱ्याच्या दिवशी लोंब्यांबरोबर ती वहीही वेदीपुढे ठेवावी. शेवटचा रकाना कोरा असेल, तर फादरांनी त्या दिवशी प्रवचन थोडं आटोपतं घ्यावं आणि तिथेच नावं विचारावीत.