मनोविकाराचा पूर्वेतिहास आणि सत्यकथनाचे बंधन

कायम वास्तव्यासाठी अमेरिकेचा व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. भारतात ती अमेरिकी वकिलातीने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते. क्षयरोग आणि लसीकरण यांच्या जोडीला तिथे मनाच्या आजारांचीही चौकशी होते: कधी उपचार घेतले का, रुग्णालयात राहावे लागले का, स्वतःला इजा करून घेण्याचा प्रयत्न झाला का. नैराश्यातून किंवा बायपोलर विकारातून सावरलेल्या माणसापुढे इथे नीतिशास्त्रातला जुना प्रश्न उभा राहतो. खरे बोलून आपलेच नुकसान होईल अशी भीती असताना सत्याचे बंधन कुठवर पाळायचे?

ही भीती उगाच निर्माण झालेली नाही. अमेरिकेने १८८२ च्या कायद्यानेच ‘वेड्यां’ना प्रवेश नाकारला होता. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर डॉक्टर रांगेतल्या माणसाकडे काही क्षण पाहत आणि मनोविकाराचा संशय आला की त्याच्या कोटावर खडूने ‘एक्स’ काढत. आजार म्हणजेच तो माणूस, अशी त्यामागची धारणा होती. १९९० च्या कायद्याने ती मोडली. आता केवळ निदानावरून कोणी अपात्र ठरत नाही. विकाराच्या जोडीने स्वतःला किंवा इतरांना घातक ठरणारे वर्तन आज असेल, किंवा पूर्वी घडलेले असून पुन्हा घडण्याचा संभव असेल, तरच ‘अ’ वर्ग लागतो आणि व्हिसा अडतो. आजार आहे पण असे वर्तन नाही, तर ‘ब’ वर्ग. आरोग्याच्या निकषावर तो प्रवेशाच्या आड येत नाही. व्यसनाधीनतेचे निकष वेगळे आहेत.

सत्याच्या बंधनाबद्दल दोन टोकाची मते प्रसिद्ध आहेत. कांटने १७९७ च्या निबंधात म्हटले की, मित्राचा जीव घ्यायला आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण नेमके उलट सांगतो: कौशिक नावाच्या तपस्व्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट खरीखरी सांगितली, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. व्हिसाच्या तपासणीत सत्य दडवू पाहणारा मनातल्या मनात कौशिकाच्या कथेचाच आधार घेतो. तो आधार टिकत नाही. दरोडेखोरांना विचारण्याचा अधिकारच नव्हता. इथे प्रवेश अर्जदार स्वतः मागतो, आणि चौकशीचा हेतू जाहीर व मर्यादित असतो. मात्र ही मर्यादा दोन्ही बाजूंनी लागू होते. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट भावकीला किंवा व्याह्यांना सांगण्याचे बंधन त्यातून येत नाही. तिथे मौन हा खोटेपणा नव्हे.

खरा धोका उघड खोट्यापेक्षा अर्धसत्यात आहे. द्रोणपर्वात युधिष्ठिराने उच्चारलेले शब्द अक्षरशः खरे होते, हेतू मात्र फसवण्याचा होता. तपासणीच्या दोन आठवडे आधी गोळ्या बंद करून ‘सध्या काही औषध चालू नाही’ असे सांगणारा तेच करतो. शिवाय तो आजार उलटण्याची जोखीमही ओढवून घेतो. आणि जो आजार सांगितल्यावर कदाचित ‘ब’ वर्गातच बसला असता, तो जाणूनबुजून लपवल्याचे सिद्ध झाले तर कायमची अपात्रता येऊ शकते.

म्हणून पूर्वतयारी म्हणजे उत्तरे घोकणे नव्हे, कागद जमवणे. उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचे पत्र सर्वांत मोलाचे. त्यात निदान, उपचाराचा काळ, चालू औषधे व त्यांची मात्रा, रुग्णालयातले दिवस, घातक वर्तन घडले असल्यास केव्हा व कोणत्या परिस्थितीत, आणि आजची प्रकृती व पुढचा अंदाज हे स्पष्ट असावे. लग्न जमवताना अडचण नको म्हणून काही घरांत जुन्या फायली फाडून टाकलेल्या असतात. अशा वेळी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिलेला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क कामी येतो. नोंदी अपुऱ्या असल्या तर तपासणारे डॉक्टर अर्जदाराला दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडेही पाठवू शकतात.

एका मुद्द्यावर अमेरिकेचा हा नियम आजही कठोर आहे. दुसऱ्याला इजा करणारा आणि असह्य दुःखात स्वतःच्या जिवावर उठलेला, दोघांचे वर्तन तो एकाच ‘घातक’ या सदरात घालतो. भारताच्या २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरते आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकते. हा दृष्टिकोन अधिक न्याय्य आहे. अमेरिकी नियमातही वाट पूर्ण बंद नाही: ‘अ’ वर्ग लागलेल्या अर्जदाराला अटींसह सूट मागता येते, आणि प्रकृती पुरेसा काळ स्थिर राहिल्यावर पुन्हा तपासणी होऊ शकते.