अर्धें सत्य व शाळेंतील धडा

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत आतां एकाच गल्लींतलीं दोन मुलें दोन निरनिराळ्या शाळांत जातात. एक जिल्हा परिषदेच्या शाळेंत बालभारतीचें पुस्तक वाचतें, दुसरें इंग्रजी शाळेंत दिल्लीच्या एनसीईआरटीचें. येथील जुन्या पिढीनें निजामाच्या अमलांत, सन १९४८ पर्यंत, वरच्या इयत्तांत उर्दूंतून धडे घेतले. शाळा बदलली कीं गोष्ट बदलते, हें या जिल्ह्यास सांगावयास नको. पण गोष्ट बदलली म्हणजे सत्य बदलतें काय?

वास्को द गामाचेंच उदाहरण घेऊं. हा पोर्तुगीज कप्तान आफ्रिकेस वळसा घालून सन १४९८ च्या मे महिन्यांत कालिकतजवळ उतरला, एवढें सर्वत्र सारखें आहे. भेद पुढें पडतो. कोणी शिकवितो, त्यानें हिंदुस्थानचा शोध लाविला. पण आमचा देश हरवला कोठें होता? अरब व गुजराथी व्यापाऱ्यांचीं तारवें शेंकडों वर्षें त्याच समुद्रांतून येत-जात होतीं; आणि मलिंदी बंदरांत मिळालेल्या वाटाड्यानेंच या कप्तानास कालिकतची वाट दाखविली.

गोमंतकांत सन १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें. तेथें तो वीरपुरुष. जुन्या गोव्याच्या कमानीवर त्याचा पुतळा आजही उभा आहे. १८७१ सालीं निघालेल्या एका विद्वत्संस्थेस त्याचें नांव दिलें होतें. राज्य गेल्यावर तें बदललें. १९९८ सालीं त्याच्या आगमनास ५०० वर्षें झालीं, तेव्हां उत्सव करावा कीं निषेध, यावर वाद माजला.

वादाचें कारण त्याची दुसरी सफर. सन १५०२ त त्यानें मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज पकडून जाळलें. त्यावर शेंकडों माणसें होतीं. बायकांनीं अंगावरचे दागिने दाखवून व तान्हीं मुलें वर धरून दया मागितली, असें त्याच आरमारावरील कारकून तोमे लोपिश यानें लिहून ठेविलें आहे. दिल्लीच्या आठवीच्या जुन्या पुस्तकांत सागरी मार्गाचा शोध तेवढा होता. २०२५ च्या नव्या पुस्तकांत या सफरींतील क्रौर्यही आलें आहे.

वाचकहो, जुन्या पुस्तकाचें तें वाक्य खोटें नव्हतें. पण पाटलानें विहीर बांधली एवढेंच सांगून, तिचें पाणी कोणास मिळत नव्हतें हें जो गाळतो, त्याची साक्ष आपण खरी मानूं काय? शब्द खरे असूनही साक्ष खोटी होऊं शकते. नववी आज्ञा केवळ कचेरींत उभ्या राहणाऱ्यासाठीं नाहीं. ती फळ्यापुढें उभ्या राहणाऱ्यासाठींही आहे.

येथें आम्हां ख्रिस्ती जनांस दोन मोह पडतात. त्याच्या शिडांवर क्रूस होता, म्हणून त्याचें पाप झांकावें, हा पहिला. तो आमच्या पंथाचा नव्हता, म्हणून हात झटकून मोकळें व्हावें, हा दुसरा. दोन्ही टाकिले पाहिजेत. त्या जहाजावरील मातांस पंथ ठाऊक नव्हता. त्यांस क्रूस दिसला. शास्त्राची रीत निराळी आहे. ज्या ग्रंथांत दाविदानें गल्याथास जिंकिलें, त्याच ग्रंथांत उरीयाच्या वधाची कथा आहे. लिहिणाऱ्यांनीं आपल्या थोर राजाचें तें पान गाळलें नाहीं. वास्कोचें धैर्यही त्याचप्रमाणें गाळूं नये. अज्ञात समुद्रांत जाणें हें लहान काम नव्हतें.

म्हणून उपदेशकांस व आईबापांस आमची विनंति आहे. दोन शाळांचीं मुलें एका दिव्याखालीं बसवा व त्यांजकडून एकमेकांचें पुस्तक मोठ्यानें वाचून घ्या. मग विचारा: यांत कोण गाळला गेला? वाटाड्या कोठें आहे? जहाजावरील बायका कोठें आहेत? परीक्षेंत पुस्तकाप्रमाणें उत्तर लिहावें लागेल, तें लिहूं द्या. परंतु जें मूल आज दूरच्या कप्तानाविषयीं पुरती साक्ष मागावयास शिकेल, तें उद्यां आपल्या गांवाविषयीं, आपल्या मंडळीविषयीं, आणि स्वतःविषयींही पुरती साक्ष देण्यास भिणार नाहीं.