गावाकडं चला, पण कुणी?

शहर सोडून गावाकडं जावं का? बंगलेवाले हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना चांगली हवा पाहिजे असते, विहिरीचं पाणी पाहिजे असतं, सारवलेलं अंगण पाहिजे असतं. आम्ही विचारतो तेव्हा प्रश्नच बदलतो. विहीर कुणाची? अंगण कुणाचं?

सुरतेला उधना-लिंबायतीत अर्धा खानदेश राहतो. त्यात आम्हीही. मी लूमवर बारा तास उभा. बाप म्हणतो, "नशिराबादला चला. मोकळा श्वास तरी घेऊ." माय म्हणते, "वावर आहे का आपलं? का सालदारकी करशील?" दोघांचंही खरं आहे, म्हणूनच निकाल लागत नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना साफ झाडलं. ज्यानं वतन पाहिलं तो खेड्याच्या आरत्या कशाला ओवाळील? वतन म्हणजे तुकडाभर जमीन, शिळंपाकं बलुतं, आणि त्यापायी साऱ्या घरानं रात्री-अपरात्री राबायचं. ते मोडायला त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. कायद्यानं ते गेलं १९५८ साली, त्यांच्यामागं.

पण लगेच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. खानदेशातली माणसं जेलात गेली. मागणी काय? जमीन. कुठली? गावातली. म्हणजे ज्या चळवळीनं गाव सोडा म्हटलं, तिनंच गावात वाटाही मागितला. ह्यात विसंगती नाही. गुलाम म्हणून सोडायचं, मालक म्हणून मागायचं.

शहर तरी कुठं आपलं? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्यांची गावी शेती होती त्यांना टेकू होता. ज्यांची नव्हती त्यांनी कुठं जायचं? आणि ८ मे २०२०. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून भुसावळला गाडी मिळेल म्हणून मजूर रुळानं चालत निघाले. करमाडजवळ थकून तिथंच झोपले. मालगाडीखाली सोळा जण गेले. भुसावळ म्हणजे आमच्या नशिराबादच्या शेजारचं ठेसन.

तेव्हा हवापाण्याचं सोडा. माझा प्रश्न नीतीचा आहे. थकलेल्या बापाला स्वतःपुरता कमीपणा सोसायचा हक्क आहे. नातीच्या वतीनं सोसायचा हक्क त्याला कुणी दिला? ती शाळेत जाते. तिला अजून कुणी वाड्याच्या नावानं हाक मारलेली नाही.

मी म्हणतो, जायचं तर अटीवर. घर आपल्या नावावर. मजुरी रोख. पिढीजात काम नाही. पोरीची शाळा सुटणार नाही. एवढं असेल तर परतण्यात लाज कसली? नसेल तर लूम बरा. तिथं पाळी सुटते. सालदाराला पाळीच नसते.

बाप यावर म्हणतो, "ह्या अटी मागायला तरी गावात कुणी राहायला पाहिजे ना?"

मित्रांनो, ह्याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुमच्याजवळ असेल तर लिहा.